पाहून परत

साळवेसाहेबांनी दिलेली वस्तू आमच्या घरात कधी मुक्कामाला राहिली नाही. वर्तमानपत्राची पुरवणी असो, शिडी असो की कुकरची जादा रिंग, तिच्यावर बोटभर पांढरी चिठ्ठी चिकटवलेली असायचीच. चिठ्ठीवर निळ्या शाईत दोन शब्द, 'पाहून परत', आणि खाली तारखेसकट सही. शिडी पाहून काय करायचं असतं, असं मी एकदा त्यांना विचारलं. ते जरा थांबले. प्रश्न कसलाही असो, ते आधी जरा थांबायचेच.

"वापरून परत असंही लिहिता येईल," ते म्हणाले. "पण शब्द रूढ आहे, मुक्ताच्या आई. तो बदलायचा अधिकार माझ्याकडे नाही."

नाताळात त्यांच्याकडून करंज्यांचा डबा यायचा. त्यावर मात्र सविस्तर मजकूर असे, 'आतील जिन्नस संपवून डबा परत'. करंज्या साळवेबाईंच्या हातच्या असत आणि चिठ्ठी साहेबांची. बाई म्हणायच्या, "डब्यावर चिठ्ठी लावू देते म्हणून संसार टिकलाय. नाहीतर माझ्यावर लावली असती."

साळवे मूळचे नगरकडचे ख्रिस्ती. साहेब केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते. कुठल्या, ते मला शेवटपर्यंत नीट कळलं नाही, कारण विचारलं की ते म्हणत, "मंत्रालयं बदलतात, फाइल तीच असते." बाई पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकवायच्या. गाझियाबादच्या आमच्या नव्या सोसायटीत आमच्या समोरचं दार त्यांचं. सोसायटी नवी म्हणजे इतकी नवी की बिल्डरच्या चित्रातला पोहण्याचा तलाव अजून चित्रातच होता आणि गेटबाहेर पक्क्या रस्त्याआधी मोहरीचं शेत लागायचं. दिल्लीत नोकरी आणि यूपीत घर, अशी तेव्हा आमच्यासारख्यांची ठरलेली सोय होती. मी नॉयडातल्या एका खाजगी कंपनीत अकाउंट्स बघायचे. माझा नवरा संजय नेहरू प्लेसला कॉम्प्युटर विकायचा आणि विकलेले दुरुस्तही करायचा. संध्याकाळी शेअर ऑटोतून उतरले की अंगात काही उरलेलं नसायचं. वॉचमनला पहिला प्रश्न ठरलेला, "भैया, लाइट है?" आणि बहुतेक वेळा ती नसायचीच.

त्या दमलेल्या दिवसांत समोरच्या दारातून येणारा मराठी आवाज मला फार बरा वाटायचा. आवाज बाईंचाच. साहेब बोलत कमी, आणि बोलले तरी टिपणी लिहावी तसं. चहा घेणार का विचारलं तर 'हो' कधी नाही, 'हरकत नाही'. बाईंनी मला सांगितलं होतं, "मुलगी बघायला आले तेव्हा मामांनी विचारलं, पसंत आहे का? तर म्हणाले, हरकत नाही. मी आत ऐकलं. मला इतका राग आला की हो म्हणून टाकलं."

बाईंच्या वर्गात सरकारी नोकरांची मुलं असत, सोनं गाळणाऱ्या सांगलीकडच्या कारागिरांची असत. घरात मराठी आणि गल्लीत हिंदी. आमची मुक्ताही तशीच. उंबरठ्याला ती 'वो दरवाज़े के नीचेवाला' म्हणायची. मी दमलेली असायचे, मी ते चालवून घ्यायचे. बाई चालवून घेत नसत. पाठ्यपुस्तक यायचं महाराष्ट्रातून. त्यात वळचण, कोनाडा, खुंटी, शिंकाळं. "फ्लॅटमध्ये शिंकाळं कुठं दाखवू गं यांना?" असं म्हणत त्यांनी स्वतःच धडे लिहायला घेतले. दिल्लीत वाढणाऱ्या मराठी मुलांना समोर दिसतं त्यातून शब्द शिकवायचे. वळचणीचा धडा मुक्ताला तोंडपाठ होता. खिडकीबाहेरच्या एसीच्या डब्याखाली एक कबुतर पावसात येऊन बसतं. त्याला वाटतं आपण बेघर आहोत. मग एक म्हातारी चिमणी त्याला सांगते, अरे वेड्या, ही तर तुझी वळचण.

बाईंना निवृत्तीला फार दिवस उरले नव्हते. शाळेच्या समितीने धडे छापून द्यायचं कबूल केलं होतं. "मी जायच्या आत हे पुस्तक माझ्या वर्गात वाचलं जावं," बाई म्हणायच्या, "बाकी मला काही नको. निरोपाची शाल तर नकोच, तीन आहेत."

साळव्यांच्या घरात कॉम्प्युटर दोन. एक साहेबांनी संजयकडूनच घेतलेला, हॉलमध्ये. दुसरा त्यांच्या मुलाचा, आतल्या खोलीत. मुलगा अमेरिकेला गेला आणि जाताना मशीन आईला ठेवून गेला. बाई आत धडे टाइप करायच्या, साहेब बाहेर शुद्धलेखन तपासायचे. मधे फ्लॉपीची ये-जा. आमच्याकडच्या धुळीत फ्लॉपी फार जगत नसे. शेवटी संजयने एका रविवारी दोन्ही मशिनला नेटवर्क कार्ड बसवली, फ्रीजच्या मागून, दाराच्या चौकटीवरून केबल नेली आणि दोन कॉम्प्युटर जोडून दिले. आतून पाठवलेली फाइल बाहेर दिसायला लागली. तेव्हा हे घरात कुणी करत नसे. संजय दोन दिवस तेच सांगत हिंडत होता.

पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. बाईंनी आतून हाक मारली, "पाठवलाय, उघडा." साहेबांनी उघडला. पडद्यावर नुसती चित्रविचित्र चिन्हं, एक अक्षर वाचता येईना. आम्ही तिथेच होतो. साहेबांनी चष्मा पुसला, पान शेवटपर्यंत खाली नेऊन पाहिलं, मग खिशातून पेन काढून चिठ्ठी लिहिली, 'अवाच्य. कृपया सुवाच्य प्रत सादर करावी', सही केली, उठले आणि ती चिठ्ठी चालत आत नेऊन बाईंना दिली. संजय जमिनीवर बसूनच हसत सुटला. बाहेरच्या मशिनमध्ये मराठी फॉन्ट नव्हता, एवढंच झालं होतं. तो टाकल्यावर अक्षरं आली. साहेबांनी चिठ्ठी परत मागून घेतली आणि फाडली. "शेरा चुकीचा होता," ते म्हणाले, "रेकॉर्डवर राहायला नको."

मग त्यांनी त्या घरात एक ऑफिसच चालू केलं. कॉम्प्युटरवर दोन फोल्डर, 'आवक' आणि 'जावक'. बाईंनी धडा ठेवायचा, साहेबांनी उचलायचा, तपासून परत ठेवायचा. उचलायचा म्हणजे खरोखरच उचलायचा. साहेब फाइल कॉपी करत नसत, कट करून आपल्या मशिनवर आणत. त्यांच्याकडे आली की बाईंच्या मशिनवरून गेली. बाईंना एखादा शब्द बदलायचा असला तरी फाइल परत येईपर्यंत थांबावं लागे. त्या आतून विचारायच्या, "अहो, माझं कबुतर कधी येणार?" बाहेरून उत्तर, "प्रक्रिया चालू आहे."

संजयने हे पाहिलं आणि तो चिंतेत पडला. "साहेब, कट नका करू. कॉपी करा. एक इथे, एक तिथे. काय फरक पडतो यार... म्हणजे, साहेब?"

साहेब थांबले. आम्ही त्यांच्या बाल्कनीत होतो, समोर मोहरीवर संध्याकाळचं ऊन होतं. एरवी दोन वाक्यांत संपणारा माणूस त्या दिवशी बोलला.

"नोकरीला नवा होतो," ते म्हणाले. "आमच्या सेक्शनला एक क्लार्क होता. बायको आजारी, त्याची बदली गुवाहाटीला निघालेली. रद्द करावी म्हणून अर्ज. मूळ फाइल वर गेली आणि लवकर येईना. मी हुशारी केली. कागदांच्या नकला काढून दुसरी फाइल उभी केली आणि तीही वर पाठवली. म्हटलं, कुठूनतरी मंजुरी येईल. एका फाइलवर आलं, बदली रद्द. दुसरीवर दुसऱ्या साहेबाने लिहिलं, बदली कायम. दोन्ही खऱ्या, दोन्हींवर सह्या. मग कोणती खरी हे ठरवायला तिसरी फाइल. तोपर्यंत तो माणूस गुवाहाटीला गेलाही. बायको इकडेच वारली."

संजयने हातातला कप खाली ठेवला.

"एक फाइल, एक टेबल, संजयराव. ती कुठे आहे हे एका माणसाला माहीत असलं पाहिजे. दोन झाल्या की माणूस मधे सापडतो."

मला त्या दिवशी त्यांच्याबद्दल आदर वाटला, आणि तो अजून आहे. पण कॉम्प्युटरला ही गोष्ट कुणी सांगितली नव्हती.

वर्षभर ते ऑफिस सुरळीत चाललं. धडे वाढत गेले. कोनाड्याचा झाला, खुंटीचा झाला. बाई संध्याकाळी दमून यायच्या, पाय पाण्यात सोडून बसायच्या, आणि उठून आत टाइप करायला जायच्या. मे महिना आला. पुस्तक पूर्ण झालं म्हणून शनिवारी बाईंनी आमच्याकडे शिरा पाठवला, आणि आश्चर्य म्हणजे वाटीवर चिठ्ठी नव्हती. साहेब गडबडीत होते. फाइल अंतिम मंजुरीला जाण्याआधी सगळी पानं एकत्र करून त्यांना नंबर द्यायचे, ही ऑफिसची रीत. म्हणून त्यांनी सगळे धडे एकदम मागवले होते. बाईंनी सगळे 'जावक'मध्ये ठेवले. साहेबांनी सगळे उचलले. कागदावर छापलेलं एकही पान नव्हतं, कारण मसुदा छापायचा नसतो, हीही रीतच.

रविवारी दुपारी आंधी आली. दिल्लीकडची मे महिन्याची आंधी, आकाश पिवळं आणि दातांत वाळू. मी खिडक्या लावत होते तेवढ्यात ट्यूबलाइट डोळे दिपतील इतकी उजळली, पंखा किंचाळायला लागला आणि स्वयंपाकघरात फ्रीजमधून फट्ट आवाज आला. खालून वॉचमन ओरडत होता, "मेन बंद करो! न्यूट्रल उड़ गया!" वादळात न्यूट्रलची तार तुटली होती आणि सगळ्या इमारतीत दुप्पट दाबाची वीज शिरली होती. त्या दुपारी आमच्या जिन्यावर एकही टीव्ही वाचला नाही. मी मेन स्विच पाडून समोर धावले. साळव्यांच्या हॉलमध्ये जळक्या प्लास्टिकचा वास होता. साहेब कॉम्प्युटरसमोर उभे होते, हातात पेन. आतल्या खोलीतला कॉम्प्युटर भिंतीवरच्या बटणापासूनच बंद होता, त्याला काही झालं नव्हतं. त्याच्यात काही नव्हतंही.

संजयने ती हार्ड डिस्क नेहरू प्लेसला चार जणांना दाखवली. सगळ्यांनी नकारार्थी मान हलवली. आम्ही दोघं हे सांगायला गेलो तेव्हा बाई भाजी निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "बरं." मग म्हणाल्या, "चहा टाकते." चहा टाकला, आम्हाला दिला, साहेबांनाही दिला. आतल्या खोलीचं दार लावून घेतलेलं होतं आणि ते पुढे बरेच आठवडे तसंच राहिलं.

साहेब एका संध्याकाळी एकटेच आमच्याकडे आले. तसे ते कधी येत नसत. बसले, पाणी प्यायले आणि बाईंचं नाव घेऊन म्हणाले, "सरोज ओरडली असती तर बरं झालं असतं." मी बाईंना म्हटलंही, की बोला हो त्यांना काहीतरी. त्या म्हणाल्या, "नीला, काय बोलू? त्यांनी काही वाईट केलंय का? आयुष्यभर जे केलं तेच केलं." आणि थोड्या वेळाने, "मी दमले गं."

हरवलेल्या धड्यांपैकी काही मात्र सापडले. केबल यायच्या आधीच्या फ्लॉप्या एका बुटांच्या खोक्यात होत्या. त्यांतल्या अर्ध्या उघडल्या. हे अगदी सुरुवातीचे धडे, साहेबांच्या हाताखालून जाण्याआधीचे. वळचणीचा त्यांत नव्हता. बाईंनी ते बघितले आणि खोकं बंद केलं. एकदा लिहिलेलं पुन्हा लिहायला हात उचलत नाही, असं त्या म्हणाल्या, आणि ते मला पटलं.

मग साहेबांनी जे केलं ते फक्त त्यांनाच सुचलं असतं. त्यांनी आतल्या मशिनवर बसून, आठवेल तसे, गेलेले धडे स्वतः लिहायला घेतले. एक रविवार संपला तेव्हा ते बाईंना बोलावून न्यायला आले. बाई आमच्याकडे बसल्या होत्या. "सरोज, जरा अवलोकन कर," म्हणाले. मीही गेले. पडद्यावर वळचणीचा धडा होता. बाई मोठ्याने वाचायला लागल्या.

"सदर कबुतर हे वातानुकूलन यंत्राच्या खाली आश्रयास असल्याचे निदर्शनास आले. तेथे त्यास पावसापासून संरक्षण मिळत असल्याने, सदर जागेस वळचण असे संबोधण्यास हरकत नसावी."

बाई थांबल्या. त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. त्या हसत होत्या, तोंडाला पदर लावून, भिंतीला टेकून, आणि हसता हसता खरंच रडायला लागल्या. साहेब खुर्चीत ताठ बसून होते, कान लाल झालेले. "चिमणीचा परिच्छेद अजून बाकी आहे," ते म्हणाले.

"उठा," बाई म्हणाल्या. "सरका तिकडे. माझ्या कबुतराला नोटीस काढलीत तुम्ही."

त्या बसल्या आणि लिहायला लागल्या. हे सांगून मी गोष्ट गोड करणार नाही. सगळे धडे काही परत आले नाहीत. काही बाईंना आठवेनात, काही आठवले तरी तसे उतरेनात, आणि शाळा, बस, गुडघे होतेच. निवृत्तीचा दिवस आला तेव्हा पुस्तक म्हणावं असं काही झालं नव्हतं. थोडे धडे होते. संजयने ते छापून दिले, बाईंनी शेवटच्या तासाला वर्गात वाचून दाखवले आणि शाल घेऊन घरी आल्या. "चौथी," एवढंच म्हणाल्या.

साहेबांमध्ये मात्र मला एक बदल दिसत होता. बाईंनी एक धडा पुरा केला की ते स्वतः त्याची कॉपी करत. मग फ्लॉपीवर. मग संजयला सांगून सीडीवर. शाळेत एक सीडी दिली, चर्चच्या पाळकांना एक, मुलाला अमेरिकेला एक. पाळकांना ती कशाला, असं बाईंनी विचारलं. "सुरक्षित जागा आहे," साहेब म्हणाले. शुद्धलेखनही ते तपासेनासे झाले होते. मी एकदा एक चूक दाखवली. ते थांबले, म्हणाले, "दिसली आहे. राहू द्या."

साहेबही निवृत्त झाले आणि ती दोघं नगरला परत गेली. फ्लॅट विकला. मी त्यांना पोहोचवायला नवी दिल्ली स्टेशनला गेले होते, पहाडगंजच्या बाजूने. बाई खिडकीशी बसल्या होत्या आणि फलाटावरच्या शाळेच्या एका जुन्या शिपायाला घरचं विचारत होत्या. साहेब दारात उभे होते. त्यांनी खांद्यावरच्या शबनम पिशवीतून एक सीडी काढली आणि मला दिली.

मी सवयीने ती उलटून पाहिली. दोन्हीकडून कोरी. बाईंचंही तिकडे लक्ष गेलं.

"अहो, चिठ्ठी लावायची राहिली," त्या खिडकीतून म्हणाल्या.

साहेबांचा हात खिशातल्या पेनाकडे गेला. तिथे जरा थांबला आणि तसाच खाली आला.

"राहिली नाही," ते म्हणाले. "असू दे त्यांच्याकडे."

गाडी हलली. मी हात केला. साहेब दाराची दांडी धरून उभे होते, बारीक, नेहमीच्याच सफारीत, आणि गाडी थोडी पुढे गेल्यावर वाकून त्यांनी मोठ्याने सांगितलं, तेवढ्या मोठ्याने त्यांना बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

"संजयरावांना म्हणावं, एक कॉपी करून ठेवा. दुसऱ्या ठिकाणी."

संजयने त्याच संध्याकाळी दोन केल्या.